कथकवर उपजीविका: नर्तक आणि नृत्यशिक्षक म्हणून उभे राहण्याचा मार्ग

विशारदचा, म्हणजे कथकच्या वरच्या टप्प्यावरच्या परीक्षेचा, निकाल लागला की दर वर्षी दोन-तीन मुली पेढे घेऊन येतात आणि पेढ्यांबरोबर एक प्रश्नही आणतात: "ताई, आता क्लास काढू का?" प्रश्न रास्त आहे. दहा-बारा वर्षे घुंगरू बांधलेले असतात, घरचे लोक नोकरीबद्दल विचारू लागलेले असतात आणि शेजारच्या इमारतीतील दोन मुलींच्या आया "आमच्या मुलींना शिकवशील का?" असे विचारून गेलेल्या असतात. तरीही माझे उत्तर बहुतेक वेळा "अजून दोन वर्षे थांब" असे असते. या दोन वर्षांत नेमके काय करायचे आणि त्यानंतरची दहा वर्षे कशी आखायची, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. मी कथक शिकवते, म्हणून उदाहरणे कथकची आहेत. भरतनाट्यमच्या विद्यार्थ्यांनी तुकड्याच्या (बोलांच्या छोट्या रचनेच्या) जागी जती आणि लहऱ्याच्या (तालाचे आवर्तन दाखवत फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या) जागी नट्टुवांगम (झांजा आणि बोलांची साथ) वाचावे, बाकीचा व्यवहार जवळपास सारखाच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करून पुढे जाऊ. नाचणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. उत्तम नाचणारी व्यक्ती आपोआप उत्तम शिकवते असा समज आपल्याकडे इतका रुजला आहे, की शिकवण्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते हे कोणी बोलून दाखवत नाही. उलट, ज्यांनी क्लास सुरू केल्यावर स्वतःचा रियाज सोडला, त्यांचा वर्ग तीन-चार वर्षांत उतरणीला लागलेला मी जवळून पाहिला आहे, कारण मुलांना ताईच्या पायांतला आवाज ऐकू येतो.

पाया किती पक्का असावा

वर्ग काढण्याआधी स्वतःची परीक्षा स्वतः घ्यावी. त्रितालाचा लहरा लावून ततकार (पायांनी वाजवायचे मूळ बोल) बराबर (मूळ गतीत), दुगुन, चौगुन आणि आड (दीडपट) लयीत सलग वीस मिनिटे स्वच्छ निघते का? झपताल, रूपक, एकताल आणि धमार यांपैकी निदान दोन तालांत थाटापासून (सुरुवातीच्या डौलदार उभे राहण्यापासून) चक्रदारापर्यंतचा (तीनदा येणाऱ्या तुकड्यापर्यंतचा) क्रम कोणाच्या मदतीशिवाय मांडता येतो का? नवीन तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोलसमूह) समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) मागे मोजत स्वतः बांधता येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक बंदिशीची पढंत (बोल तोंडाने म्हणणे) हातावर ताल धरून, न अडखळता करता येते का? ज्याला पढंत नीट येत नाही त्याने दुसऱ्याला बंदिश शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाय चुकले तर विद्यार्थी पुढे सुधारू शकतो, पण बोलच चुकीचे कानावर पडले तर ते पुसायला वर्षे लागतात.

अभिनयाची बाजूही तितकीच तपासावी. परीक्षेपुरता एक गतभाव (अभिनयातून सांगितलेला कथाप्रसंग) आणि एक ठुमरी तयार असणे पुरेसे नाही. एकाच ओळीचे चार वेगवेगळे भाव त्या क्षणी सुचायला हवेत. त्यासाठी गाणे शिकावे लागते. रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे कथकचे शिक्षण घेतले, त्याचबरोबर केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गायनाचेही धडे घेतले. १९४७ मध्ये त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि महाराष्ट्रात कथक घरोघरी पोहोचण्यात त्या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. गाण्याचे अंग नसलेला कथक नर्तक ठुमरीत शब्दांचे हावभाव करतो, पण सुराची जागा त्याच्या शरीरात उमटत नाही. म्हणून आठवड्यातून एक तास गाणे आणि एक तास तबला, एवढा वेळ या दोन वर्षांत काढावाच.

प्रमाणपत्र, पदवी आणि गुरू

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या टप्प्यांचे प्रथम आणि पूर्ण असे दोन-दोन भाग धरले तर एकूण नऊ परीक्षा होतात आणि विशारद पूर्ण ही त्यांतील सातवी. वर्षातून दोन सत्रे असतात. पालकांचा या परीक्षांवर विश्वास आहे आणि शाळांतील नेमणुकीच्या वेळीही विशारद विचारले जाते, त्यामुळे व्यवसायात उतरणाऱ्याने ती पूर्ण केलेली असावी. शक्य असेल तर अलंकारही करावी, कारण तिथे स्वतः विचार करून मांडणी करण्याची सवय लागते.

ज्यांना पूर्णवेळ शिक्षण घेता येईल त्यांनी विद्यापीठाचा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथे कथक आणि भरतनाट्यम या दोन्ही शैलींत पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबईत कनक रेळे यांनी उभारलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून भरतनाट्यम आणि मोहिनीअट्टम यांसाठी ओळखले जाते. गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी पणजीची कला अकादमी आहे. दिल्लीचे कथक केंद्र संगीत नाटक अकादमीच्या अखत्यारीत चालते. तिथे जाऊन राहण्याची तयारी असेल तर सकाळ-संध्याकाळ फक्त कथक असे वातावरण मिळते. पदवीचा मोठा फायदा पुढे दिसतो. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही अध्यापकांची पात्रता परीक्षा लागते, आणि वयाच्या पस्तिशीनंतर हा दरवाजा उघडा असणे किती आधाराचे आहे ते विशीत कळत नाही.

मात्र पदवी घेताना गुरू सोडू नये. वर्गात चाळीस मिनिटांत जे मिळत नाही ते गुरूच्या घरी, त्यांच्या दुसऱ्या शिष्यांचा रियाज ऐकत बसल्यावर मिळते. घराणे बदलायचे असेल, लखनौकडून जयपूरकडे किंवा उलट, तर ते वर्ग काढण्याआधी बदलावे आणि आधीच्या गुरूंना प्रत्यक्ष भेटून, सांगून बदलावे. हे क्षेत्र लहान आहे. न सांगता गेलेला विद्यार्थी सर्वांच्या लक्षात राहतो.

दोन वर्षांची उमेदवारी

आता 'थांब' म्हणण्याचे खरे कारण. या दोन वर्षांत गुरूंच्या किंवा एखाद्या जाणत्या शिक्षिकेच्या वर्गात सहायक म्हणून काम करावे, आणि तेही सर्वांत लहान मुलांच्या वर्गात. मोठ्या मुलींच्या वर्गात मदत करणे सोपे असते, कारण त्या आधीच घडलेल्या असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' पहिल्यांदा पायात कसे उतरवायचे, हे शिकणे म्हणजे शिक्षकाचे प्रारंभिक.

मी पहिले चार आठवडे मुलांना पाय आपटू देत नाही. आधी बोल तोंडात, मग तेच बोल हातावर टाळी-खाली देत, मग जागेवर उभे राहून केवळ वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेत, आणि त्यानंतर पूर्ण तळवा जमिनीवर टेकवत. या क्रमाने शिकलेले मूल थोडे उशिरा नाचू लागते, पण त्याची सम सुटत नाही. घुंगरू साधारण सहा महिन्यांनी द्यावेत आणि तेही एका पायात पंचवीस किंवा पन्नास. मोठ्यांसारखे शंभर घुंगरू लहान पोटरीवर बांधले की मूल पाय उचलण्याऐवजी ओढू लागते.

सहायक म्हणून काम करताना एक वही ठेवावी आणि प्रत्येक मुलाची चूक व त्या चुकीचे मूळ असे दोन रकाने करावेत. ततकारात मूल पुढे झुकते, याचे मूळ बहुधा नजर पायांकडे असण्यात असते. चौगुनीत डावा पाय मागे पडतो, कारण बराबरीतच त्याचा आवाज उजव्यापेक्षा हलका असतो आणि कोणी लक्ष दिलेले नसते. हस्तक (हातांच्या हालचाली) करताना खांदे वर जातात, कारण हात कोपरातून उचलला जातो, पाठीतून नाही. चक्करीत (गिरकीत) घेरी येते, कारण मान शरीराबरोबरच फिरते; समोरच्या भिंतीवर एक ठिपका चिकटवून नजर शेवटपर्यंत तिथे ठेवायला आणि मान झटकन वळवून पुन्हा तिथेच आणायला शिकवले की आठवडाभरात फरक पडतो. दोन वर्षांत अशा दीडशे-दोनशे नोंदी होतात आणि तीच वही पुढे सर्वांत उपयोगी पाठ्यपुस्तक ठरते.

आणखी दोन पद्धती सांगते, कारण त्या मला फार उशिरा कळल्या. पहिली: आठवड्यातून एकदा आरशावर पडदा ओढावा. सतत आरशात किंवा ताईकडे पाहून नाचणाऱ्या मुलांना क्रम आठवत नाही, ती नक्कल करत असतात. दुसरी: ततकार एकेकाकडून करून घ्यावा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावा. कोणाचा कोणता बोल पुसट आहे हे मुलेच अचूक सांगतात, आणि दुसऱ्याच्या पायांत ऐकलेली चूक पुढच्या आठवड्यात त्यांना स्वतःच्या पायांतही ऐकू येते.

वर्ग उभा करणे: जागा, जमीन, वेळ

जागेचा विचार करताना बहुतेकजण भाडे आणि आरसे पाहतात. पहिल्यांदा पाहायची असते ती जमीन. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर रोज दोन तास ततकार केला की टाच, नडगी आणि गुडघे काही वर्षांत बोलू लागतात. खाली लवचीक आधार असलेली लाकडी जमीन सर्वांत चांगली. ती परवडत नसेल तर फरशीवर रबराचा थर आणि त्यावर जाड प्लायवूडचे तक्ते, हा खर्च भिंतींच्या रंगापूर्वी करावा. तक्त्यांचे सांधे दर महिन्याला तपासावेत, कारण अनवाणी पायाला वर आलेला एक खिळाही पुरतो.

राहत्या इमारतीत वर्ग घेणार असाल तर गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी स्वतः जाऊन बोलावे. घुंगरांचा आणि पायांचा आवाज त्यांच्या छतातून उतरतो, ही त्यांची तक्रार खरी असते. तळमजला किंवा शाळेचे सभागृह मिळाले तर उत्तम. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्या दिवसापासून लेखी असावेत. वर्गात नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात, कपडे बदलण्याची जागा बंद आणि स्वतंत्र असावी, मूल नेण्यासाठी कोण येणार याची नावे पालकांनी लिहून द्यावीत आणि मुलांची छायाचित्रे किंवा चित्रफिती टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. मुद्रा दुरुस्त करताना हात लावण्याची गरज वाटली तर आधी विचारावे. बहुतेक वेळा स्वतः करून दाखवल्याने काम होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे शिक्षक म्हणून आपल्यालाही लागू आहे.

गट वयापेक्षा तयारीप्रमाणे करावेत, पण चौदा वर्षांच्या नवशिक्या मुलीला सहा वर्षांच्या मुलांमध्ये उभे करू नये. ती महिनाभरात येणे थांबवते. तशा तीनच मुली असल्या तरी त्यांचा वेगळा तास ठेवावा. आणि पस्तीस ते पन्नास वयोगटातील स्त्रियांचा वर्ग जरूर काढावा. लहानपणी शिकायचे राहून गेले, ही हुरहुर घेऊन त्या येतात, नियमित येतात, शुल्क वेळेवर देतात आणि पढंतीत मुलांपेक्षा लवकर तयार होतात. त्यांच्या गुडघ्यांचा आणि पाठीचा विचार करून ततकाराचा वेळ कमी आणि गत, हस्तक, अभिनय जास्त असा अभ्यास आखावा लागतो.

हिशेब

आकडे कागदावर मांडल्याशिवाय जागा भाड्याने घेऊ नये. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. मध्यम शहरात चाळीस विद्यार्थी, दरमहा आठ तासिका, शुल्क ९०० रुपये. म्हणजे महिन्याला ३६,००० रुपये. आता खर्च: सभागृहाचे भाडे ८,०००, सहायिकेचे मानधन ४,०००, महिन्यातून दोनदा येणाऱ्या तबलावादकाचे ४,००० आणि वीज, स्वच्छता, साहित्य २,०००, एकूण १८,०००. वरवर पाहता निम्मे उरतात. पण मे महिना, दिवाळी आणि शाळेच्या परीक्षा धरल्या तर शुल्क वर्षातून साधारण साडेदहा महिन्यांचेच जमते, खर्च मात्र बारा महिने चालतो. ३,७८,००० मधून २,१६,००० वजा केले की १,६२,००० उरतात, म्हणजे महिन्याला १३,५००. चाळीस विद्यार्थी जमायलाच दोन-तीन वर्षे लागतात, हेही लक्षात ठेवावे.

तबलावादकाचा खर्च कमी करण्याचा मोह या टप्प्यावर होतो, तो टाळावा. मोबाइलमधला लहरा एकाच गतीने चालत राहतो, तर साथीला बसलेला माणूस मुलाचा तोल जाताना पाहून लय सावरतो, तिहाई आली की मान डोलावतो आणि मुलाला पहिल्यांदा कळते की आपण कोणाबरोबर तरी नाचतो आहोत.

शुल्क तीन महिन्यांचे आगाऊ घ्यावे आणि गैरहजेरी, सुट्टी, परतावा यांचे नियम प्रवेशअर्जावरच छापावेत. ज्या मुलाला खरोखर परवडत नाही त्याला सवलत द्यावी, पण ती कोणाला कळणार नाही अशी द्यावी. सुरुवातीला सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच मोठी जागा घ्यावी. तोपर्यंत शाळेतील अर्धवेळ काम, स्नेहसंमेलनांची नृत्यरचना किंवा दुसऱ्या संस्थेत आठवड्याचे दोन दिवस, असा एक दुसरा आधार ठेवावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मिळकतीची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवावी आणि वर्गासाठी वेगळे बँक खाते उघडावे. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांसाठी सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. शास्त्रीय किंवा लोकनृत्याच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर हा कर लागत नाही, आणि व्यक्तीने स्वतः दिलेल्या कलाप्रशिक्षणालाही सूट आहे. मात्र कंपनी किंवा भागीदारी संस्था काढायची असेल तर चित्र बदलते, म्हणून त्याआधी सनदी लेखापालाला एकदा भेटावे.

वर्षाची आखणी आणि गळती

जून ते ऑक्टोबर हे पाच महिने परीक्षेचे नाव काढू नये. या काळात लय, पढंत, हस्तकांची स्वच्छता आणि ऐकण्याचे तास घ्यावेत. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत जूनपासूनच अभ्यासक्रम घोटवून घेत असे. मुले पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होत, पण एका परीक्षकांनी सम कुठे आहे असे विचारल्यावर माझी एक हुशार विद्यार्थिनी गप्प उभी राहिली, आणि ती चूक तिची नव्हती, माझी होती. त्या वर्षानंतर मी परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संख्या कमी केली. काही पालक नाराज झाले, चार मुले गेली. राहिलेली मुले मात्र कोणत्याही मात्रेपासून तुकडा उचलू लागली.

आठवी ते दहावीच्या काळात सर्वांत मोठी गळती होते. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पाच परीक्षा लवकर उरकण्याची घाई आणि त्यानंतर कायमची सुट्टी, असा प्रकार अनेक घरांत घडतो. यावर मला सापडलेला उपाय असा, की नववी-दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एकच तास ठेवावा, त्यात परीक्षा नाही, नवीन अभ्यास नाही, फक्त ततकार आणि त्यांना आवडेल ती एक रचना. धागा तुटला नाही तर अकरावीत त्यांतील निम्मी मुले परत येतात.

वार्षिक कार्यक्रम गुरुपौर्णिमेच्या आसपास आणि लहान ठेवावा. वेशभूषा, नाट्यगृहाचे भाडे, प्रकाशयोजना यांचा खर्च पालकांना तीन महिने आधी लेखी सांगावा. ध्वनिमुद्रित चित्रपटगीतांवर सार्वजनिक कार्यक्रमात नाच बसवणार असाल तर हक्कधारक संस्थांचा परवाना लागतो का, हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे विचारून घ्यावे. मी लहान मुलांनाही पारंपरिक बंदिशींवरच उभे करते, कारण त्यांच्या आजी-आजोबांना तेवढ्याच आवडतात आणि मुलाची खरी तयारी त्यांत दिसते.

रंगमंच

आता नर्तक म्हणून. शिकवणाऱ्याने वर्षातून निदान दोन पूर्ण एकल कार्यक्रम करावेत, प्रेक्षक तीस असले तरी चालतील. पंचेचाळीस मिनिटांचा एक पक्का कार्यक्रम सदैव तयार असावा: वंदना, एका तालात थाट, आमद (प्रवेशाची रचना), परण (पखवाजाच्या बोलांची रचना), तुकडे, तिहाया, गतनिकास (चालींचे प्रकार), मग अभिनय आणि शेवटी तराणा किंवा ततकाराची लडी (एकाच बोलाचे वाढत जाणारे प्रकार). या कार्यक्रमाची न कापलेली, प्रत्यक्ष साथीसह केलेली चित्रफीत असावी. निवड करणाऱ्या जाणकारांना तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली चकचकीत फीत नको असते. समेवर येताना तुम्ही आणि तबलावादक एकमेकांकडे कसे पाहता, ते त्यांना पाहायचे असते.

अर्ज कुठे करावेत? वय १८ ते २५ असेल तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकार शिष्यवृत्तीसाठी. तीत दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि तिचे काम सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र) ही संस्था पाहते. तिचीच १० ते १४ वयोगटासाठीही शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना द्यावी. दूरदर्शनची कलाकार म्हणून श्रेणी मिळवावी, कारण अनेक आयोजक ती विचारतात. त्यानंतर भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या नामिकेत (निवडलेल्या कलाकारांच्या यादीत) नाव नोंदवण्यासाठी अर्ज करावा. १९५० मध्ये स्थापन झालेली ही परिषद कलाकारांना परदेशातील महोत्सवांत पाठवते. नकार आला तर वर्षभराने नवीन चित्रफितीसह पुन्हा अर्ज करावा.

पैशांचे चित्र मोकळेपणाने मांडायला हवे. २५,००० रुपये मानधनाचा कार्यक्रम मिळाला असे समजा. तबला ५,०००, गायन आणि संवादिनी ५,०००, सतार ४,०००, पढंत २,०००, प्रवास ३,०००, रंगभूषा आणि वेशभूषेची देखभाल २,०००. उरले ४,०००, आणि त्यामागे दोन महिन्यांचा सराव. साथीदारांचे मानधन कार्यक्रमाच्या त्याच रात्री द्यावे, आयोजकाकडून आपले आले नसले तरी. चांगले साथीदार याच एका सवयीमुळे आपल्याबरोबर वर्षानुवर्षे राहतात.

कलाकाराकडूनच 'सहभाग शुल्क' घेऊन दहा मिनिटे देणारे आणि वर सन्मानचिन्ह देणारे महोत्सव आता बरेच झाले आहेत. विशीत मी अशा एका महोत्सवासाठी प्रवासासह पैसे भरून गेले होते. सभागृहात आमच्यानंतर नाचणारे कलाकार आणि त्यांच्या आया, एवढेच प्रेक्षक होते. त्याच पैशांत आपल्या गावात एक लहान सभागृह, दोन साथीदार आणि पन्नास माहितीतले प्रेक्षक जमवता येतात.

स्वतःच्या नृत्यरचना लिहून किंवा चित्रित करून तारखेसह जपाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृतीच्या व्याख्येत संरक्षण आहे, पण ती लेखी किंवा अन्य स्वरूपात नोंदलेली असावी लागते. परंपरेने आलेली बंदिश सादर करताना ती कोणाकडून मिळाली ते रंगमंचावरून सांगावे.

परदेशातील विद्यार्थी आणि ऑनलाइन वर्ग

अमेरिका, इंग्लंड, आखाती देश येथील मराठी कुटुंबांतून आता नियमित विचारणा होते. ऑनलाइन शिकवताना एक तांत्रिक अडचण प्रथम समजून घ्यावी: आवाज पोहोचायला क्षणाचा उशीर होतो, त्यामुळे इकडे ठेका धरून तिकडे नाचवता येत नाही. लहरा विद्यार्थ्याच्या घरी, त्याच्याच यंत्रावर वाजला पाहिजे, आणि तो नाचत असताना शिक्षकाने आपला आवाज बंद ठेवून फक्त पाहावे व ऐकावे. दुरुस्ती नाच थांबल्यावर करावी. कॅमेरा एकदा समोरून पूर्ण शरीर आणि एकदा केवळ पाय दिसतील असा ठेवायला सांगावे. बंदिशीची पढंत ध्वनिमुद्रित करून आधी पाठवावी. पहिलीच शैली शिकणाऱ्या लहान मुलाला मात्र केवळ ऑनलाइन घेऊ नये. त्याच्या शहरात प्रत्यक्ष शिकवणारे कोणी असेल तर तिकडेच पाठवावे.

शरीर

वर्गात दिवसाला चार तास बोलत, दाखवत, अर्धवट नाचत राहणे हे रियाजापेक्षा शरीराला जास्त झिजवते, कारण आपण गरम न होता मधूनच चक्कर दाखवतो. प्रत्येक वर्गाआधी मुलांबरोबर स्वतःही दहा मिनिटे शरीर तयार करावे. पोटऱ्या, मांड्या आणि कंबर यांच्या बळाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा करावेत. टाचेचे किंवा नडगीचे दुखणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर अस्थितज्ज्ञाला दाखवावे. बाम लावून नाचत राहिल्याने माझी एक मैत्रीण आठ महिने घरी बसली होती. आरोग्यविमा तिशीच्या आत घ्यावा. बाळंतपणात वर्ग बंद पडू नये म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच एक सहायिका तयार करावी, तिला लहान गट पूर्णपणे सोपवावा आणि त्या गटाच्या शुल्कातील ठरलेला वाटा द्यावा.

स्वतःच्या रियाजाची वेळ वर्गाच्या वेळापत्रकात छापून टाकावी. माझ्या वेळापत्रकात सकाळी सहा ते साडेसात 'ताईंचा रियाज' असे लिहिलेले आहे आणि त्या वेळात कोणालाही तासिका मिळत नाही. मोठ्या विद्यार्थिनींना हवे असेल तर त्या येऊन मागे उभ्या राहू शकतात, बोलायचे मात्र नाही.

सहायिका तयार केली की काही वर्षांनी ती स्वतःचा वर्ग काढू इच्छिते, बहुधा त्याच शहरात. तो दिवस येण्याआधीच बोलून ठेवावे: तिने कोणत्या भागात वर्ग काढावा, आपल्याकडचे कोणते विद्यार्थी घराजवळ पडते म्हणून तिच्याकडे जाऊ शकतात, परीक्षेचे केंद्र एकच ठेवायचे का. मी माझ्या पहिल्या सहायिकेला तिच्या उपनगरातील सहा मुले दिली आणि दोन वर्षांनी तिने तिच्या वर्गातील मध्यमाच्या तीन मुली पुढच्या तयारीसाठी माझ्याकडे पाठवल्या. तिच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मी गेले, तेव्हा सगळी मुले उभी राहून हातावर त्रिताल देत बोल म्हणत होती, आणि पाय आपटायला अजून चार आठवडे होते.